एकाच पिंजऱ्यात

गॅरेट होव्हर्काच्या फ्रिजवर विद्यापीठाच्या वार्तापत्रातलं कात्रण होतं: ‘सांधे सुजवणारं जनुक सापडलं’. फोटोत त्याची बहीण मार्ला हातात उंदीर घेऊन उभी होती. तिचा शोधनिबंध अजून छापून यायचा होता. विशीपासून गॅरेटची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्याच्या मणक्यांवर उलटली होती. औषधांचा गुण येईनासा झाला होता. आता भिस्त बहिणीवर.

मार्लाचं म्हणणं सोपं होतं: ते जनुक काढलेल्या उंदरांचे घोटे सुजत नाहीत, बाकीच्यांचे सुजतात. ती काम करायची त्या पिट्सबर्गच्या प्रयोगशाळेत दोन्ही प्रकारचे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या वेगळ्या पिंजऱ्यांत वाढत. निबंध तपासणाऱ्या परीक्षकाने कळवलं, एकाच आईची दोन्ही प्रकारची पिल्लं एकत्र वाढवून पाहा.

तिने पाहिलं. सगळ्यांचे घोटे सारखेच सुजले.

उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्यांच्या आतड्यांत जंतूही एकसारखेच. सूज आणणारे जंतू एका पिंजऱ्यात होते, दुसऱ्यात नव्हते. जनुकाचा काही संबंध नव्हता.

“पिंजऱ्यात काहीतरी शिरलं असेल,” प्रयोगशाळेचे प्रमुख वॉरन स्ट्रॅड म्हणाले. “पुन्हा कर.”

“पुन्हा केलंय.”

“मग हा निकाल टाकून दे. निबंध दुसऱ्या नियतकालिकाला पाठवू. तिथे एवढं खोदून कोणी विचारत नाही.”

“माझं नाव काढा त्यातून.”

“काढतो. तुझ्या शेजारच्या टेबलावरचा टोबिन आनंदाने स्वतःचं नाव पहिलं लावेल.” त्यांनी चष्मा पुसला. “पुढच्या नोकरीसाठी शिफारस मात्र माझ्याकडे मागू नकोस.”

निबंध छापून आला, पहिलं नाव टोबिनचं. मार्ला तोवर एका शाळेत जीवशास्त्र शिकवू लागली होती.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला ती गॅरेटकडे गेली. त्याने निबंध वाचला होता.

“तुझं नाव नाही यात. भांडलीस?”

“ते खोटं आहे, गॅरेट. पिंजऱ्यांतला फरक होता तो. जनुकाचा नाही.”

“छापून आलंय की.”

“छापून आलं म्हणून खरं होत नाही.”

“निबंध म्हणतो, माझ्यासाठी काहीतरी आहे. तू म्हणतेस, काही नाही. आणि नोकरी गेलीय तुझी.” गॅरेटने ताटात बटाटे वाढून घेतले. “लहानपणापासून असंच तुझं. आपल्याला नाही, तर कुणालाच नाही.”

मार्लाने काटा खाली ठेवला.

“मी स्ट्रॅडना पत्र टाकलंय. रक्त देणार आहे त्यांच्या अभ्यासाला. टर्कीचा रस्सा दे जरा.”

रस्सा त्याच्या शेजारीच होता. मान वळत नव्हती म्हणून त्याला दिसला नव्हता. मार्लाने उठून वाडगा त्याच्या समोर ठेवला.