दार नसलेला बेडूक

मित्रांनो, मी एक जुना बेडूक आहे. सिमेंटचा. आयुष्यात एक उडी मारली नाही, पण खाल्लं मात्र भरपूर. भिवंडीला टेमघरच्या बागेत या, घसरगुंडीशेजारी तोंड वासून बसलेला हिरवागार दिसेन, तो मीच. माझ्या पोटावर लिहिलंय, 'कचरा मला द्या'.

सत्याऐंशी साली हिरामण गवंड्यानं मला घडवलं. जाळी वाकवली, सिमेंट थापलं, ओल्या बोटानं दोन जाड भुवया काढल्या. बेडकाला भुवया नसतात म्हणे. माझ्या आहेत, आणि मला शोभतात!

काय दिवस होते ते! शुक्रवारी गावातले लूम, म्हणजे कापडाचे माग, बंद, म्हणून बाग तुडुंब. मुलं मला भरवायला भांडायची. "आता माझी पाळी, सरक!" स्वतःच्या शेंगांची टरफलं संपली की दुसऱ्यांची वेचून आणायची. बागेत कागदाचा कपटा सापडायचा नाही. माझ्याइतका लाडका कचऱ्याचा डबा तुम्ही पाहिला नसेल.

पण माझ्या पोटातलं बाहेर काढायचं कसं? बाग झाडणारा दामू तोंडातून हात घालायचा, कोपरापर्यंत. वरवरचं निघायचं, तळाचं तसंच राहायचं. वर्षभरात मला असा काही वास सुटला, की मुलं नाक दाबून लांबून पळायला लागली. टरफलं पुन्हा गवतात पडायला लागली. मी आपला आ वासून बघत बसायचो. भूक होती, पण भरवायला कुणी येईना.

मग विद्युल्लताबाईंनी तक्रार केली. शाळेत शिकवायच्या, संध्याकाळी माझ्याशेजारच्या बाकावर बसायच्या. बागेची जागा दिलेले केसरीनाथ शेठ बाग समितीचे अध्यक्ष. बाईंनी त्यांना तोंडावर सांगितलं, "शेठ, ह्या बेडकाचं काहीतरी करा. बसवत नाही इथं."

पुढच्याच शुक्रवारी सकाळी शेठ आले. शाळेला सुट्टी होती, बाई बाकावरच होत्या. मागे दोन गडी, एकाच्या खांद्यावर घण.

"बाई, तुमची तक्रार मिटवली. आजच फोडतो त्याला."

माझं सिमेंट गार पडलं.

बाई ताडकन उठल्या. "फोडा कोण म्हणालं? साफ करा म्हटलं मी!"

"साफ व्हतच न्हाय ना! इचारा दामूला."

"त्याचं दार उघडून काढा की सगळं."

"दार? मागं आसल."

शेठ मागं गेले. बाई डावीकडून गेल्या, दामू उजवीकडून. तिघं माझ्याभोवती गोल फिरले आणि पुन्हा तोंडासमोर येऊन एकमेकांकडे बघायला लागले. दार नव्हतंच!

हिरामणला बोलावलं. तो पान चघळत आला.

"काय रं, दार कुटं हाय याचं?"

"शेठ, तुमी बोललात बेडूक पायजे. बेडकाला मागं दार आसतं काय?"

अख्खी बाग हसली. शेठ मात्र लाल झाले. गड्याला म्हणाले, "उचल घण."

गड्यानं घण उचलला. तोच बाई माझ्यापुढे उभ्या राहिल्या, हातात छत्री आडवी धरून. "तक्रार माझी आहे ना? मग मी ती मागे घेते. राहू दे वास!"

लूमवर काम करणारा एक भय्या घसरगुंडीपाशी पोराला घेऊन उभा होता, तोही म्हणाला, "मत तोडो शेठ, बच्चे रोएंगे." एवढं ऐकलं आणि पोरांनी खरंच भोकाड पसरलं.

"बाई, तुमी पन ना!" शेठनी कपाळावर हात मारला. मग हिरामणकडे वळून म्हणाले, "दार काडशील?"

"दुपारच्या जेवनापर्यंत काडतो. पन तुटला तर मना बोलू नका."

त्यानं माझ्या पाठीवर छिन्नी ठेवली. मित्रांनो, प्रत्येक ठोक्याला वाटायचं, आता तडा जाणार. भुवयांवर धूळ पडत होती. बाई एकसारख्या म्हणत होत्या, "हळू रे, हळू." आणि मग पाठीतून वारा आला! आयुष्यात पहिल्यांदाच!

दामूनं फावडं घातलं. बर्फगोळ्याच्या काड्या, शेंगांची टरफलं, एक चप्पल, सुताचे गुंते, ढीगभर निघालं. दोन बादल्या पाणी ओतून त्यानं मला धुतलं. हिरामणनं जुन्या पिंपाचं झाकण बिजागरीवर बसवलं. शेठनी ते स्वतः उघडून पाहिलं, आणि आत तोंड घालून ओरडले, "डराव!" माझ्या तोंडातून आवाज बाहेर आला. पोरं खिदळत सुटली. संध्याकाळपर्यंत पुन्हा माझ्यासमोर रांग!

आता अंगाचा रंग उडालाय, एक डोळा पुसट झालाय. पण म्हातारा झालेला दामू अजून रोज सकाळी पाठ उघडतो आणि मी दिवसभर खायला मोकळा.

मित्रांनो, मला भरवता, तो माझा लाडच आहे. पण डबा नुसता भरून भागत नाही, तो रिकामाही करावा लागतो. कुठं वास आला तर नाक दाबून पळू नका, तक्रार करा. आणि तक्रार ऐकून कुणी घण घेऊन आलाच, तर घरी जाऊ नका. छत्री घेऊन आडवे उभे राहा.