पेशन्सची धर्माची आई

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी होडी आहे. करियाकू बेटावरच्या सुतारांनी मला किनाऱ्यावरच घडवलं. आमच्याकडे होडीचं बारसं होतं आणि तिला धर्माची आईही मिळते. माझी आई इडोरा. तिने माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रम शिंपडली, ‘पेशन्स’ नाव ठेवलं, आणि अख्ख्या गावाने दोर धरून, गाणी म्हणत मला समुद्रात ओढलं. इडोरा तेव्हा रडली. म्हणे, डोळ्यांत रम गेली.

पुढे मी पाहुणे फिरवले. वाळूचं बेट दाखवायचं, कासवं दाखवायची, दुपारी भाजलेला मासा खाऊ घालून परत आणायचं. पाहुणे माझं कौतुक करत, माझा मालक केल्सन दरसाल मला निळा रंग देई. मग त्याने फायबरची नवी होडी घेतली आणि मी वाळूत पडून राहिले. कोंबड्या माझ्यात अंडी घालू लागल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एका जुलैत मोठ्या वादळाची वर्दी आली. जो तो आपली होडी तिवरांच्या खाडीत नेऊ लागला. तिथे मुळांना बांधली तरच ती वाचते.

“मावशी, एकच खेप जमेल. मी नवीला नेतो,” केल्सन इडोराला म्हणाला.

“नवीचा विमा आहे. हिला कोण आहे?”

“अगं, हिचं खुराडं झालंय!”

“मग कोंबड्यांसकट ने. नाव मी ठेवलंय हिचं. फुटताना नाही बघायची मी.”

एवढं बोलून म्हातारी माझ्यात चढली आणि फतकल मारून बसली. केल्सनने कपाळावर हात मारला. वारा गाठेल म्हणून धास्तावला होता, तरी त्याने मला नवीच्या मागे बांधलं आणि दोघींना ओढत नेलं.

तिवरांनी मला वाचवलं. इडोराचं छप्पर मात्र उडालं. स्वयंपाकघराच्या चार भिंती तेवढ्या उरल्या.

दोन दिवसांनी गावकऱ्यांनी मला खांद्यांवर घेतलं, चढ चढवला आणि त्या भिंतींवर पालथं घातलं.

“मावशी, तुझी पोर आणलीय,” केल्सन म्हणाला. या खेपेला रमचं निमित्त नव्हतं, तरी ती रडली.

आता ती माझ्याखाली मासे शिजवते. पाहुणे फोटो काढायला आले की डाव घेऊन त्यांच्या अंगावर धावते. पाऊस लागला की माझ्या फळीवर हात ठेवून म्हणते, “गळू नकोस हं, पोरी.”

मित्रांनो, जुनं काही मोडीत काढाल, तर आधी एवढंच विचारा: याला कुणी ‘पोरी’ म्हणून हाक मारतं का?