मधली भिंत

गोदामाईने कोपरगावातली त्यांची गल्ली धुऊन नेली त्याला वर्ष होत आलं, तरी पुष्पावतीबाईंची पहाटे भिंतीला कान लावायची खोड काही जाईना.

जुन्या गल्लीत त्यांची आणि भाजीवाल्या भीमाबाईची भिंत एकच. पहाटे भीमाबाई पलीकडून वरवंट्याने दोनदा ठोके, म्हणजे “उठल्या का मास्तरीनबाई?” या एकदा ठोकत, म्हणजे उठले. मास्तर वारल्यापासून त्यांचं दिवसातलं पहिलं बोलणं हेच. मग दिवसभर सड्यावरून नाहीतर मांजरावरून दोघी कडाकडा भांडायला मोकळ्या! पूर आला त्या भर दुपारी भीमाबाईचे ठोके थांबेनात, म्हणून पुष्पावतीबाई तावातावाने बाहेर आल्या, तर पाणी पायरीला लागलेलं. त्यांनी धावत जाऊन दुसऱ्या बाजूची भिंत बडवली, त्या घराने पुढची. घरं गेली, पण माणूस एकही गेलं नाही.

सरकारने माळावर नवी घरं दिली. दोघींची शेजारीशेजारीच, पण हवा खेळावी म्हणून साहेबाने मध्ये आठ हातांचा बोळ ठेवला. घर चांगलं होतं, खोटं कशाला बोला? पण वरवंटा ठोकला तरी पलीकडे ऐकू जाईना. मुक्या भिंतींत पुष्पावतीबाईंचा जीव रमेना. शेवटी त्यांनी राहुरीला भावाकडे कायमचं जायचं ठरवलं.

“जावा की! कोन धरून ठेवतंय?” भीमाबाई फणकारली. पुष्पावतीबाईंना ते फार लागलं.

त्यातच भीमाबाईने बोळात माती कालवली आणि यांच्या भिंतीला टेकवून स्वयंपाकाची पडवी उभारायला घेतली. ‘माझी पाठ फिरायची वाट तरी बघायची!’ पुष्पावतीबाई मनात म्हणाल्या आणि त्यांनी बोलणंच टाकलं.

जायच्या दिवशी पहाटे टांगा दारात आला. ट्रंक बांधून झाली होती. देवापुढे दिवा लावायला त्या वाकल्या, आणि भिंतीतून आवाज आला. दोनदा.

त्यांनी हातातली काडी खाली ठेवली आणि भिंतीला कान लावला.

पुन्हा दोन ठोके पडले, आता जरा रागाने.

“बाई, चला, गाडी चुकंल!” टांगेवाला ओरडला.

वरवंटा ट्रंकेच्या तळाशी होता. पुष्पावतीबाईंनी दोरी सोडली आणि एकेक लुगडं बाहेर फेकायला सुरुवात केली.