नहराकडची ओळ

चलथाणच्या साखर कारखान्यापासून थोडं पुढे, कालव्याच्या, तिथल्या बोलीत नहराच्या, कडेने नवापूरकडच्या भिल्लांची वस्ती होती. ऊसतोडीला आलेली माणसं परत गेलीच नाहीत, तिथेच रुजली. लोटूकाका वस्तीचा कारभारी. सोयरीक असो, भांडण असो की मयत, त्याच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. चंद्रभागाचा नवरा उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला, तेव्हा प्रेत गावी न्यायला गाडी त्यानेच उभी केली होती. ती हे विसरली नव्हती.

मतदान जवळ आलं तसं काकाने सगळ्यांना अंगणात बोलावलं. कुलदेवी देवमोगरा मातेच्या टोपलीतले ज्वारीचे दाणे एकेकाच्या तळहातावर ठेवले. दाणे घेऊन शब्द मोडला की घर बुडतं, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. मत कुणाला द्यायचं ते काकाने एकदाच सांगितलं.

चंद्रभागाने मुकाट्याने दाणे घेतले. तिची मुलगी योगिता मात्र मागे सरकली. नवागामच्या साडी कारखान्यात कामाला जाणारी, यंदा पहिल्यांदाच मत देणारी पोर.

"मत माझं आहे, काका," ती म्हणाली.

लोटूकाका रागावला नाही. तिच्या वाटचे दाणे त्याने परत टोपलीत टाकले आणि तिच्याकडे नुसतं बघत राहिला.

पुढे एक दिवस उमेदवाराचा माणूस हितेश काकाकडे आला. काकाची बायको तापाने पडली होती, म्हणून चहा करायला चंद्रभागाला बोलावणं आलं. चुलीपाशी सगळं ऐकू येत होतं. हितेश सांगत होता, रस्त्याकडच्या घरांना जागेचे कागद करून देऊ. नहराकडची ओळ मात्र हटवावी लागेल. रस्त्याकडे काका आणि त्याचे भाऊबंद राहत. नहराकडे ती, उषाबाई, भिकन आणि बाकीचे. काका आता काय म्हणतो म्हणून ती कान देऊन राहिली.

"निवडणूक होईपर्यंत हे कुठे बोलू नका," काका म्हणाला.

ती कप घेऊन बाहेर आली, तेव्हा काकाने तिचा चेहरा निरखून पाहिला. "पोरीला सांभाळ," एवढंच तो बोलला.

मतदानाला सगळ्यांना टेम्पोतून नेलं, टेम्पोतूनच आणलं. घरी आल्यावर योगिता रडायला लागली. तिने काकाने सांगितलेलंच बटण दाबलं होतं. आई, तुला कुणी काही केलं तर, या भीतीने हात दुसऱ्या बटणाकडे वळलाच नाही, म्हणाली. चंद्रभागाने तिला जवळ घेतलं. आपण स्वतः मात्र दुसरं बटण दाबून आलोय, हे तिच्या ओठांवर आलं नाही.

उमेदवार निवडून आला. पण वस्तीच्या बूथवर काही मतं फुटली होती. काकाने पुन्हा अंगणात बोलावलं आणि योगिताला उभं राहायला सांगितलं. तिच्याआधी चंद्रभागाच उठली.

"पोरीने तुम्ही सांगितलं तिथेच दिलं. शब्द मी मोडलाय," ती म्हणाली, आणि चुलीपाशी ऐकलेलं सगळं तिने सांगून टाकलं.

भिकन जमिनीकडे बघत राहिला. उषाबाईने पदर तोंडावर ओढला. तिच्या एकटीचंच मत फुटलं नव्हतं, हे साऱ्या अंगणाला कळत होतं. पण दुसरं कुणी उठलं नाही.

लोटूकाकाचा आवाज चढला नाही. "माझ्या चुलीवर चहा केलास आणि माझ्यावरच आळ घेतेस. आजपासून हिच्या घरी कुणी पाणी प्यायचं नाही. मेली तरी खांदा द्यायचा नाही."

त्यानंतर नळावर ती गेली की बाया घागरी उचलून बाजूला होत. योगिताच्या सोयरिकीचं बोलणं ज्यांच्याशी चाललं होतं, ती माणसं पुन्हा आली नाहीत. चलथाणच्या बाजारात भिकन समोरून आला आणि ओळख न दाखवता निघून गेला.

पावसाळा सरल्यावर रंगाचे डबे घेऊन माणसं आली. नहराकडच्या प्रत्येक दारावर त्यांनी लाल फुली मारली. रस्त्याकडच्या ओळीत लोटूकाका बाजेवर बसून हे बघत होता.

माणसं गेल्यावर उषाबाई चंद्रभागाच्या दारात आली. उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"आता कुठे जायचं गं?" तिने विचारलं.

"आत ये आधी," चंद्रभागा म्हणाली.

उषाबाईने वळून बाजेकडे पाहिलं. लोटूकाका उठून उभा राहिला होता. ती आत आली नाही. तिथूनच परत फिरली.

चंद्रभागाने दार लावून घेतलं आणि योगिताला भांडी पोत्यात भरायला सांगितलं.