व्हर्लीनबाईंच्या हातातली पळी

जन्मभर माझ्या खांद्यावर हात ठेवून दुसरेच बोलले. आज मी बोलतो. मी पोडियम. ओकच्या भक्कम लाकडाचा, छातीवर शहराचं चिन्ह कोरलेला. सध्या मुक्काम ग्रंथालयाच्या तळघरात, कोपऱ्यात. अंगावर लोकांच्या ओल्या कोटांचा ढीग आहे. पण माझं दुखणं ते नाही. माझं दुखणं आहे एक लाकडी पळी. हसू नका.

माझं झाड नदीकाठी वादळात पडलं. गस पेट्राक नावाच्या सुताराने त्याच्यातून मला घडवलं. तोंडात पेन्सिल धरून तो काम करायचा आणि माझ्या कडा अंगठ्याने चाचपून बघायचा. त्याने मन लावून पॉलिश केलं आणि मला नगरपालिकेच्या सभागृहात नेऊन उभं केलं. केवढा तोरा होता माझा तेव्हा!

महापौरांनी माझ्यावर मुठी आपटल्या. बर्फ उचलायला गाडी आली नाही इथपासून शेजाऱ्याचा कुत्रा भुंकतो इथपर्यंत सगळं मी ऐकलं. गाव आपलंच आहे असं वाटणारे लोक माझ्यावर कोपर टेकून उभे राहायचे. ज्यांना तसं वाटत नसे, ते माझ्या कडा घट्ट धरायचे. साध्या नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळत. माझ्या डोक्यावर एक दिवा बसवला होता. तो लाल झाला की माईक बंद.

व्हर्लीन गॅडिसने माझ्या कडा धरल्या, ते हात मी विसरलो नाही. आल्डर स्ट्रीटवर राहायला आलेलं पहिलं काळं कुटुंब तिचं. तिचा लमार तेव्हा शाळेत होता. स्वतःच्या अंगणात पानं गोळा करत होता. गल्लीतल्या कुणीतरी पोलिसांना फोन केला, की एक काळा पोरगा घराभोवती घुटमळतोय. पोलिसांनी त्याला त्याच ओल्या पानांवर पालथा पाडला. आई साबणाच्या हातांनी धावत बाहेर आली, तेव्हा त्याचे हात पाठीमागे बांधलेले होते. एवढं सगळं तिने सांगितलं आणि म्हणाली, "मला एकच विचारायचंय." दिवा लाल झाला. अध्यक्षांनी अगदी नम्रपणे आभार मानले. पुढचे गृहस्थ आईसस्केटिंगच्या मैदानाबद्दल बोलले.

लमार शाळा संपल्यावर अटलांटाला गेला, तो गेलाच. थँक्सगिव्हिंगच्या सणाला आईच तिकडे जायची.

तिचं ते अर्धं राहिलेलं बोलणं माझ्याकडे ठेव म्हणून आहे, असं मी धरून चाललो होतो. एक दिवस ती येणार, माझ्या कडा धरणार आणि राहिलेला प्रश्न विचारणार. सभागृहाची नवी इमारत झाली, टेबलाटेबलावर माईक आले आणि मला ग्रंथालयाच्या तळघरात पाठवलं, तरी मी ही आशा सोडली नाही.

मग देशभर मोर्चे निघाले आणि आमच्या शांत गावालाही वाटलं, आपण काहीतरी केलं पाहिजे. ग्रंथपाल जोॲन ह्रुस्काने दर महिन्याला बैठक सुरू केली. वंशभेदाबद्दल वाचायचं, बोलायचं, ऐकायचं. मला वाटलं, आता आपले दिवस आले. जोॲनने माझ्यावरची धूळही पुसली. नंतर मला ढकलत कोपऱ्यात नेलं. म्हणे, खुर्च्या गोल मांडायच्या, कुणी कुणाच्या वर उभं राहायचं नाही. गोलात हातोहात फिरवायला ती घरून एक गुळगुळीत दगड आणणार होती, तो विसरली. म्हणून तिने तळघरातल्या स्वयंपाकघराच्या खणातून पळी काढली. नियम असा ठरला: पळी ज्याच्या हातात, त्याने बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, उत्तर द्यायचं नाही. बोलायचं नसेल तर पळी पुढे द्यायची.

मी जळलो. सांगायला लाज कसली? जन्म सुपाच्या पातेल्यात गेला हिचा. एका बाजूने करपलेली, दांड्याला चीर गेलेली. आणि लोक तिला दोन्ही हातांत धरून काय काय सांगत होते! माझ्यापाशी जे लोक पार्किंगबद्दल भांडले, तेच तिला धरून बालपण सांगू लागले. सगळे गेल्यावर जोॲन तिला खणात ठेवायची, तेही फडक्यात गुंडाळून. मला कधी कुणी फडक्यात गुंडाळलं होतं?

व्हर्लीनबाईही यायच्या. आता केस पांढरे, एक गुडघा कामातून गेलेला. पळी आली की काही न बोलता पुढे द्यायच्या. दर वेळी मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटायच्या. वाटायचं, ही माझ्यासाठी थांबली आहे. त्या पळीला काय सांगणार ही?

या फेब्रुवारीत त्या लवकर आल्या. माझ्यावर कोट टाकताना जोॲनला म्हणाल्या, "लमार बायकोला घेऊन माझ्याकडे कायमचा राहायला यायचं म्हणतोय. माझा गुडघा हा असा. पण विचारतो, आई, गल्ली बदलली का? काय सांगू त्याला? मलाच माहीत नाही."

जोॲन म्हणाली, "इथे विचारा."

मला विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, इथे म्हणजे माझ्यापाशी. पण व्हर्लीनबाई जाऊन खुर्चीत बसल्या. आणि पळी आल्यावर त्यांनी ती पुढे दिली नाही. मांडीवर आडवी धरली आणि लमारची गोष्ट सुरू केली. माझी गोष्ट, माझ्याकडची. मी नुसता कडकडत होतो.

पानांपर्यंत आल्या, पोरगा पालथा पडला, आणि समोर बसलेली पेगी लिंडक्विस्ट हुंदके देऊ लागली. पेगी म्हणजे त्यांच्या समोरच्या घरातली. दर बैठकीला लिंबाच्या वड्या करून आणणारी, मनाने हळवी बाई. झालं. दोघी उठून तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. कुणी कागदी रुमाल दिले, कुणी पाणी. "तुझा काय दोष, पेगी," असं तीन बाजूंनी सुरू झालं. इकडे व्हर्लीनबाई अर्ध्या वाक्यात तशाच. कुणीतरी त्यांनाही खूण केली, जरा तिची समजूत काढा म्हणून.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, बघ ग पळे, तुझ्याकडेही दिवा लाल झालाच की.

व्हर्लीनबाईंनी आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "बसा सगळे. पळी अजून माझ्याकडे आहे."

सगळे बसले. पेगीनेसुद्धा तोंडावर रुमाल धरला.

"तो फोन आपल्या गल्लीतून गेला होता," त्या म्हणाल्या. "कुणी केला, ते मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही. मला एकच विचारायचंय. उद्या माझा पन्नाशीला टेकलेला मुलगा माझ्या दारातला बर्फ काढताना दिसला, तर पोलिसांना फोन कोण करणार?"

ऐकलात तो प्रश्न? इतकी वर्षं मी ज्याची वाट बघितली, तो हा. आणि मिळाला कुणाला, तर त्या करपलेलीला.

पळी फिरू लागली. एकाने पुढे दिली, दुसरीने दिली. जोॲननेही दिली. पेगीने मात्र ती धरून ठेवली.

"आमच्या घरून गेला होता फोन," ती म्हणाली. "हॅलने केला होता. मी शेजारीच उभी होते. तो पोरगा लमार आहे, हे मला दिसत होतं. मी बोलले नाही." हॅल म्हणजे तिचा नवरा, तो आता हयात नाही.

तिने सगळ्यांकडे पाहिलं. या वेळी कुणी उठलं नाही, कुणी रुमाल दिला नाही. नियमच होता, उत्तर द्यायचं नाही. व्हर्लीनबाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि तिला तसंच बसू दिलं. माझ्या सभागृहात अशा वेळी अध्यक्षांनी आभार मानून तिला मोकळं केलं असतं.

बैठक संपल्यावर पेगी जवळ येऊन म्हणाली, "तो आला की मी त्याला स्वतः सांगेन."

"सांग," व्हर्लीनबाई म्हणाल्या. "तो काय म्हणेल, मला ठाऊक नाही."

मग कोट घ्यायला माझ्याकडे आल्या आणि तिथेच, माझ्यावर कोपर टेकून, त्यांनी फोन लावला. कोपर, बरं का. पळी ठेवायची विसरल्या होत्या. ती मेली त्यांच्या हातातून माझ्या अंगावर रेलली होती.

"लमार, बदलली का म्हणून मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मी पूर्ण बोलले आणि त्यांनी ऐकलं, आज एवढंच झालंय. फोन कुणी केला होता, ते कळलं. हो, समोरच्या घरातूनच. तू ये, बाळा. ती दार ठोठावेल. उघडायचं की नाही, ते तू ठरव. घर आपलं आहे."

पुढच्या महिन्यात मला कुणीतरी घेऊन जाणार आहे म्हणतात. जाईन. जाता जाता तुम्हाला एवढंच सांगतो: दुखावलेलं माणूस बोलत असेल, तर त्याचं होईपर्यंत त्याच्या हातातलं काढून घेऊ नका, आणि मध्येच दुसऱ्याचे डोळे पुसायला उठू नका. मला जे कधी जमलं नाही, ते त्या पळीला जमलं. हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, यावरून मला किती लागलं असेल, ते तुम्हीच समजा.