माझ्या पोटातली दहावी सुई

होय, मीच बोलतेय. शिवणाच्या डब्यात कात्रीच्या शेजारी बसते ना, ती सुया टोचायची उशी. दुकानदार मला पिनकुशन म्हणतात. आकाराने संत्र्याएवढी, एका बाजूला जराशी कललेली, आणि डोक्यावर एक भरलेलं फूल. ते फूल आहे हे मी सांगते म्हणून. पाहुणे त्याला कोबी म्हणतात.

लोकांना वाटतं, जन्मभर सुया टोचून घेऊन हिचा स्वभावही टोचरा झाला असणार. थोडा झालाय, खोटं कशाला बोलू! पण आज कुणाला टोचायचं मनात नाही. एकदा मी तीन दिवस तोंड शिवून बसले होते, त्यापायी एका भल्या बाईच्या काळजाचं पाणी पाणी झालं. तेवढं सांगितलं की मी मोकळी.

माझा जन्म वाचनालयाच्या वरच्या खोलीतला. दर बुधवारी दुपारी तिथे टेबलं जोडून भरतकामाचा आणि शिवणाचा वर्ग भरतो. सगळी हौशी मंडळी. कुणाला वेळ जात नाही म्हणून येतात, कुणाला घरात कुणी बोलायला नाही म्हणून. मला जिने केलं ती बाई मात्र घरच्यांनी हाकलली म्हणून आली होती.

त्यांना सगळे सिस्टर म्हणतात, अगदी नवरासुद्धा. चौतीस वर्षं त्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात त्यांनी घरातली सगळी कपाटं आवरली. दुसऱ्या महिन्यात तीच कपाटं पुन्हा आवरली. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या मिस्टरांनी हात जोडले. मिस्टर म्हणजे निवृत्त वायरमन, शांत माणूस. म्हणाले, "सिस्टर, माझी पक्कड कुठे ठेवलीयस ती आधी सांग, आणि मग कृपा करून कुठेतरी नाव घाल."

वर्गाचा पहिला धडा म्हणजे मी. माझं अंग मिस्टरांच्या जुन्या चौकड्याच्या शर्टाच्या बाहीचं. वर्गाच्या बाईंनी बजावलं होतं, "कापूस गच्च भरा हं, दगडासारखी टणक झाली पाहिजे." सिस्टरनी दोन मुठी कापूस कोंबला, मला जरा दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "पुरे की. फुगली की छान." झालं! मी जन्मभराची पोकळ पोटाची राहिले.

मग डोक्यावर फूल भरायचं. साखळी टाका. सिस्टरचा हात बसलेला जखमा शिवायला. प्रत्येक टाका असा ओढून घट्ट करायच्या की माझं कापड आक्रसून गेलं. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "सिस्टर, फूल आहे ते, आतडं नाही. सैल सोडा. इथे कुणाला रक्त येत नाहीये."

सगळा वर्ग खो खो हसला. सिस्टरही हसल्या, पण कान लाल झाले. घरी आल्यावर जेवणाआधी त्या दोन तास सैल टाका घालायला शिकत बसल्या. अशी ही बाई. एकदा हातात घेतलं की सोडायचं नाव नाही.

पुढचे महिने काय सांगू! साखळी आली, काजटाका आला, गाठीचा टाका मात्र काही केल्या येईना. सुईवर दोऱ्याचे वेढे घ्यायचे आणि सुई पलीकडे काढायची, एवढंच ते. पण सिस्टरची गाठ दर वेळी कापडाच्या खाली निसटायची. वैतागून त्या सुई माझ्या डोक्यात खुपसायच्या, उठून पाणी प्यायच्या आणि परत बसायच्या. अठराव्या दिवशी गाठ जमली. त्या जागच्या जागी ओरडल्या, "अहो, जमली!" मिस्टर धावत आले. त्यांना वाटलं, काय झालं न् काय नाही. तिळाएवढा तो ठिपका बघून बिचारे म्हणाले, "वा, छान आहे. काय आहे?"

मग मिस्टरांच्या हातरुमालांच्या कोपऱ्यांत पानं उगवायला लागली. चारचौघांत ते रुमाल खिशातून काढायला लाजायचे. पण एकही त्यांनी टाकला नाही, हेही खरं.

एव्हाना लेकीला दिवस गेल्याची बातमी आली. लेक त्याच गावात, बसने अर्ध्या तासावर राहणारी. सिस्टरनी त्याच बुधवारी बाईंना विचारलं, "दुपटं शिकवाल? तुकडे जोडून, मध्ये कापूस घालून, वरून धावदोऱ्याने शिवायचं?"

बाई म्हणाल्या, "शिकवीन. पण त्याला आखूड सुया लागतात. तुमच्या त्या लांब सुयांनी नाही व्हायचं."

अशा त्या दहा सुया माझ्याकडे आल्या. बोटाच्या पेराएवढ्या, सोनेरी नेढ्याच्या. सिस्टरनी त्यांना माझ्या डोक्यावर दोन रांगांत उभं केलं, पाच आणि पाच. आणि एक नियम केला. शिवायला बसताना सुया मोजायच्या, उठताना मोजायच्या.

ही सवय त्यांच्या हाडात मुरलेली. थिएटरमध्ये म्हणे, पेशंटचं पोट बंद करण्याआधी दोन माणसं मोठ्याने सगळं मोजतात. सुया किती, बोळे किती. एक जरी कमी भरली तरी डॉक्टर कितीही मोठा असो, टाका घालायचा नाही. सिस्टर अभिमानाने सांगायच्या, "चौतीस वर्षांत माझी मोजणी एकदाही चुकली नाही." घरी मात्र त्या एकट्याच मोजायच्या. मी होते साक्षीला, पण मला कोण विचारतो!

बेचाळीस तुकड्यांचं ते दुपटं पाच महिने चाललं. पिवळं, पांढरं, फिकट निळं. चुकलं की उसवायचं, परत घालायचं. कोपऱ्यात सिस्टरनी गाठीच्या टाक्याची बारीक फुलं भरली. या वेळी कुणी कोबी म्हणालं नाही.

तो दिवस मंगळवार होता. दुपारची वेळ. सिस्टरनी शेवटचा टाका घातला, दोरा कापला, आणि फोन वाजला. जावई होता. इतका घाबराघुबरा की आनंदाची बातमीही धड सांगता येईना. "आई, मुलगी झाली. म्हणजे, झाली. दोघी बऱ्या आहेत."

सिस्टरच्या बोटात अजून अंगुस्तान होतं, सुई दाबायची ती धातूची टोपी. हातातली सुई त्यांनी माझ्यात खुपसली आणि त्या टोपीनेच दाबली. जोरात. सुई आखूड, माझं पोट पोकळ. ती सरळ आत गेली, नेढ्यासकट. वर काहीच राहिलं नाही. सिस्टरनी बघितलंही नाही. दुपटं पिशवीत घातलं, चपला अडकवल्या आणि मिस्टरांबरोबर दवाखान्यात निघाल्या.

मला तेव्हा काही वाटलं नाही. म्हटलं, येतील, काढतील.

सूर्य मावळायच्या सुमाराला सिस्टर हसत हसत घरी आल्या. लेकीचे कपडे न्यायचे होते. जाता जाता सवयीने माझ्याकडे वळल्या आणि मोजायला लागल्या. नऊ. परत मोजल्या. नऊ. मला उचलून खाली बघितलं, टेबलाखाली बघितलं, पदर झटकला, खुर्चीची गादी उलटीपालटी केली. मग त्यांचा चेहरा असा काही पांढरा पडला की मी घाबरले.

त्यांनी फोन लावला. "दुपटं कुठाय?"

लेक म्हणाली, "हे काय, बाळ झोपलंय त्यावर. किती मऊ झालंय गं आई!"

"उचल तिला. आत्ताच्या आत्ता उचल. त्यात सुई राहिलीय बहुतेक."

पलीकडे बाळ उचलल्याची धांदल ऐकू आली. मग लेकीचा रडवा, चढलेला आवाज मलाही ऐकू आला. "आई, तू असं कसं केलंस? तू?"

बाळाला ओरखडासुद्धा नव्हता. तिथल्या नर्सने डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. जावयाने दुपटं आणून दिलं आणि तो बिचारा आल्या पावली परत गेला. पण ते 'तू?' सिस्टरच्या मनात घर करून बसलं.

बुधवारी त्या वर्गाला गेल्या नाहीत. दुपटं टेबलावर पसरून तळहाताने इंच इंच चाचपत राहिल्या. मिस्टरांनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून आणलं आणि वरून फिरवलं. काही चिकटलं नाही. मिस्टर म्हणाले, "नाहीये गं त्यात. बाहेरच कुठेतरी पडली असेल."

"बाहेर शोधलं ना? मग त्यात नाही कशावरून? सुई सापडेपर्यंत मी 'त्यात नाही' असं म्हणणार नाही."

आणि मी? मी समोर बसून होते. ती सुई माझ्या पोटात आडवी पडली होती. मी ओरडत होते, अहो, इकडे आहे, इकडे! पण कापडाच्या तोंडातून काय आवाज निघणार? अंग आक्रसून बघितलं, फुगवून बघितलं. तसूभरही हलले नाही. एवढी लाचार मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

गुरुवारी सकाळी सिस्टरनी बारीक कात्री घेतली आणि दुपटं उसवायला लागल्या. एकेक तुकडा सुटा करायचा, कापूस बोटांनी पिंजायचा, अस्तर उजेडात धरायचं. पाच महिन्यांचं काम! गाठीच्या फुलांपाशी कात्री थांबली. मला वाटलं, निदान एवढं तरी ठेवतील. त्यांनी तेही कापलं. संध्याकाळपर्यंत बेचाळीस तुकडे टेबलावर वेगळे पडले होते आणि सुई त्यात नव्हतीच.

शुक्रवारी लेक बाळाला घेऊन घरी गेली. सिस्टर गेल्या नाहीत. मिस्टरांनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाले, "चल ना. पोरगी वाट बघतेय. अजून तू बाळाला धड मांडीवरही घेतलं नाहीस."

"नाही घेणार."

"म्हणजे?"

"हे हात आता भरवशाचे नाहीत, अहो. साधी सुई सांभाळता आली नाही. उद्या अंघोळ घालताना बाळच निसटलं तर? मला नको ते. आणि हे शिवणाचं खूळही नको. डबा देऊन टाका कुणाला तरी."

हे ऐकून मिस्टर टेबलाशी बसले. पुरुषांची एक गंमत सांगते. बोलायला सुचेनासं झालं की जे हाताला लागेल ते चुरगाळत बसतात. कागद असो, बाटलीचं झाकण असो. त्या दिवशी हाताला मी लागले. वरच्या सुया एका हाताने सावरून ते मला खालून दाबत राहिले, पीठ मळावं तसे. मी मनात म्हटलं, दाबा! अजून दाबा! तिकडे नाही, जरा डावीकडे!

"आई गं!" मिस्टरांनी बोट झटकलं. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब आला होता.

"सुई नीट धरता येत नाही का?"

"सुया वर आहेत गं. मला खालून टोचलं."

सिस्टर उठल्या. त्यांचा आवाजच बदलला, थिएटरमधला झाला असावा. "हलू नका. तसेच बसा. ती उशी हलवू नका." चष्मा लावला, दिवा जवळ ओढला, चिमटा आणि कात्री घेतली. मला उताणं केलं. माझ्या तळाच्या शिवणीतले चार टाके कापले, कापूस बाजूला सारला आणि चिमट्याने हळूच ती बाहेर काढली. सोनेरी नेढ्याची, आखूड.

ती त्यांनी रुमालावर ठेवली. शेजारी बाकीच्या नऊ मांडल्या. "मोजा," म्हणाल्या.

"दहा आहेत की."

"असं नाही. बोट ठेवून, मोठ्याने. माझ्याबरोबर."

दोघांनी मोजल्या. एक, दोन, तीन. दहाव्या सुईवर सिस्टरचं बोट तसंच राहिलं. त्या खुर्चीत बसल्या आणि तोंडाला पदर लावून लहान पोरीसारख्या रडल्या. "बाळाखाली नव्हतीच ती. अहो, नव्हतीच!" मिस्टरांचेही डोळे भरले होते, पण ते बोट चोखत असल्यामुळे त्यांना निमित्त मिळालं. मी पोट उघडं टाकून पडले होते. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

फोन लेकीनेच उचलला. सिस्टरनी सगळं सांगितलं. पलीकडून आधी हुंदका आला, मग हसू. "आई, मी त्या दिवशी काहीतरी बोलून गेले गं."

"बरोबर बोललीस. बाळ तुझं आहे."

"आणि दुपटं?"

"उसवलं."

"किती?"

"सगळं."

लेकीने नाक ओढलं. मग म्हणाली, "तुकडे घेऊन ये. आणि ती नालायक उशी पण आण. मला शिकव, आपण दोघी जोडू. आणि आई, लवकर ये. ही रडतेय, माझे हात भरून आलेत. तू घे तिला."

सिस्टर निघाल्या, पण त्याआधी त्यांनी मला शिवलं. त्या घाईतसुद्धा! या वेळी कापूस असा ठासून भरला की माझा श्वास अडला. नालायक म्हणाली लेक, त्याचं मला काही वाटलं नाही. तीन दिवस मी तशीच वागले होते.

आता बाळ आठ महिन्यांचं आहे. दुपट्यातले निम्मे टाके सिस्टरचे, सैल आणि एकसारखे. निम्मे लेकीचे, वाकडेतिकडे. बाळ दोन्हींवर सारखीच लाळ गाळतं. सिस्टर बुधवारी वर्गाला जातात आणि नव्या येणाऱ्यांना बाईंच्याही आधी सांगतात, "उशी गच्च भरा." सुया मोजायला मिस्टरांना बोलावतात. ते कुरकुरतात, पण येतात, आणि मोठ्याने मोजतात.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं. सुई सापडेनाशी झाली तर बाळाचं अंथरूण आधी उचला, त्यात काही चूक नाही. पण मग मलाही हातात घ्या आणि दाबून बघा. शंका आली तर बेलाशक फाडा. माझी दया करू नका, चार टाक्यांत मी बरी होते. पोटात सुई ठेवून समोर बसायचं, आणि एका आजीने स्वतःच्या नातीला हात लावायला घाबरायचं, ते बघणं मात्र मला पुन्हा जमायचं नाही.