मी, शिंप्याच्या लेकीचं खर्चाचं ॲप

मी एक जुनं ॲप आहे, मित्रांनो. खर्च लिहून ठेवणारं. वय पाच वर्षं. आमच्यात त्याला म्हातारपणच म्हणतात.

एका शिंप्याच्या मुलीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मला घडवलं, इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लॅपटॉप ठेवून. चेहरा आठ दिवसांत रंगवला. पाठीमागचा सर्व्हर आणि डेटाबेस धड उभे राहायला मात्र अडीच महिने लागले. मी नीट चालतं का हे पाहायला ती वाटेल ते लिहायची. एकदा तिने लिहिलं, 'हत्तीचा चारा, तीन लाख.' मी भाबडं. लगेच आलेख काढून सांगितलं, हत्ती जरा कमी करा.

तिचे वडील मात्र माझ्यात खरं लिहायचे. दोरा, बटणं, अस्तर, कात्रीला धार. आता वही कशाला, असं लेकच म्हणाली, म्हणून त्यांनी वही बंद केली होती.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती हत्तीसारख्या खोट्या नोंदी काढून टाकायला बसली. माझ्याकडे कप्पा एकच. त्यात हत्तीही आणि बाबाही. घाईत तिने सगळाच पुसला आणि परीक्षकांना दाखवायला एका काल्पनिक माणसाचा गुळगुळीत खर्च भरला, तोही नेमका बाबांच्याच खात्यावर. परीक्षक खूश झाले. एकाने तर दुसऱ्याला बोलावून माझा आलेख दाखवला. मी इतकं फुगलं की सर्व्हरला धाप लागली. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

संध्याकाळी बाबांनी मला उघडलं. एका शाळेच्या तीनशे गणवेशांचा दर त्यांना दुसऱ्या दिवशी सांगायचा होता आणि तो या नोंदींवरूनच काढायचा होता.

"मी व्यायामशाळेत जातो म्हणे," पोटावरून हात फिरवत ते म्हणाले. "ऐकून बरं वाटलं. पण माझं अस्तर कुठे गेलं?"

तिने जवळ येऊन पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, मी पुसलं. ते परत येणार नाही."

ते रागावले नाहीत, म्हणून ती जास्त रडली. मग दोघं जमिनीवर बसली. त्यांनी खणातल्या चिठ्ठ्या काढल्या, रिकामी रिळं मोजली, तिने टाइप केलं. दर वेळेवर दिला; पण चेनच्या दोन पेट्या कुणालाच आठवल्या नाहीत आणि तेवढा तोटा बाबांनी सोसला.

तेव्हापासून काही पुसण्याआधी ती माझी नक्कल काढून ठेवते. बाबा तरीही आधी वहीत लिहितात, मग मला सांगतात. मला वाईट वाटतं, पण राग येत नाही.

मित्रांनो, पुसायचं बटण दाबण्याआधी 'हे कुणाचं आहे?' एवढं विचारा. त्या सकाळी मला उत्तर ठाऊक होतं. पण विचारल्याशिवाय बोलायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.